लाटसाहेब जेवत नाहीत

वस्तादांना चारशे माणसांचा स्वयंपाक येत होता, एका कुत्र्याचा येत नव्हता. यात हसण्यासारखं काही नाही असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. या मताला घरात, जिन्यात आणि खालच्या रस्त्यावर कुणाचाही पाठिंबा नव्हता.

आता त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली की माणसाचा हात त्याच मापाला बसून जातो. एक गाजर चिरलं की हात आपणहून दुसरं शोधतो, मग तिसरं, आणि पोतं रिकामं झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चिमूटभर मीठ असं काही असतं हे वस्तादांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या चिमटीतच वाटीभर मावायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी हौसेने दोघांपुरता भात लावला होता. तो संपवायला जिन्यातली सगळी बिऱ्हाडं लागली, आणि तरी उरला. त्या दिवशी बायकोने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि सांगितलं, "अहो, तुम्ही जगाला जेवू घाला. घराचं मी बघते." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घरच्या गॅसला त्यांचा हात लागला नाही.

कॅन्टीनमध्ये मात्र त्यांचा दरारा होता. ताटं परत यायची ती चाटूनपुसून. पण वस्तादांना खरा अभिमान ताटांचा नव्हता, फरशीचा होता. काम संपलं की ते बूट काढायचे आणि नुसत्या पांढऱ्या मोज्यांनी स्वयंपाकघरभर फिरायचे. मोजे पांढरे राहिले तर सगळ्यांना सुट्टी. मोज्याला एक शीत जरी चिकटलं तरी सगळ्यांनी फरशी पुन्हा पुसायची. उकळतं पातेलं धरलेला माणूस घसरला की काय होतं ते त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलं होतं, म्हणून हा कायदा. स्वतः त्यांच्या हातून तर काही पडणं शक्यच नव्हतं. फळीवरून निसटलेला वाटाणा जमिनीला लागायच्या आत त्यांच्या मुठीत असायचा. हे ते मुद्दाम करत नसत, हातच करायचा.

अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती सांडणारी. आधी ठीक होती, पण गेल्या काही वर्षांत तिचा हात फारच सुटायला लागला. भाजी चिरताना फोड खाली, भात वाढताना शितं खाली, अंडं सोलताना अर्धं अंडं खाली. रविवारी वस्ताद घरी असले की त्यांना ते बघवायचं नाही. शेवटी त्यांनी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण फी घेतली म्हणून त्यांनी एक रबरी चेंडू दाबायला दिला. वस्तादीणबाई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून इमानेइतबारे चेंडू दाबायच्या. सांडणं तसूभरही कमी झालं नाही.

घरातला तिसरा जीव म्हणजे लाटसाहेब. पाय आखूड, अंग लांब, तोंडावर पांढऱ्या मिशा, आणि हाक मारल्यावर यायचं की नाही याचा विचार करूनच यायचं. नाव वस्तादीणबाईंनी ठेवलेलं. हे बाळ नऊ वर्षांपूर्वी घरात आलं तेव्हा वस्तादांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं : स्वयंपाकघरात कुत्र्याला काही द्यायचं नाही. त्याची वाटी बाल्कनीत, त्याचं खाणं बाल्कनीत. वस्तादीणबाई बरं म्हणाल्या होत्या. वाटीही रोज रिकामी दिसायची. ती रिकामी होताना वस्तादांनी कधी पाहिली नव्हती, कारण त्या वेळी ते चारशे जणांचं बघत असायचे, आणि निवृत्तीनंतर बाल्कनीत डोकावायचं त्यांना सुचलं नाही.

वस्ताद निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झाले असतील नसतील, तोच लाटसाहेबांच्या पोटावर पुरळ उठलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पुड्यातलं खाणं बंद केलं आणि घरीच शिजवून घाला असं सांगितलं. वस्तादीणबाई तसं करायला लागल्या, पुरळ उतरायला लागलं, आणि तेवढ्यात गावाबाहेर राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बहिणीला दुसरं कुणी नव्हतं. जाणं भाग होतं.

दाराशी बॅग ठेवून त्या म्हणाल्या, "बिनहाडाची कोंबडी, भात, गाजर, लाल भोपळा. सगळं मऊ शिजवायचं. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, तिखट तर नाहीच नाही. आणि अहो, एक कुत्रा आहे. एक."

"एक म्हणजे किती ते मला कळतं," वस्ताद म्हणाले.

"आणि हे बघा, तो ना…" वस्तादीणबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या लखलखीत फरशीकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला. "जाऊ दे. एवढे वस्ताद आहात, जमेल तुम्हाला."

लाटसाहेबांच्या मिशांचा मुका घेऊन त्या गेल्या. लाटसाहेब दाराशी जाऊन त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून आडवे झाले.

वस्ताद उत्साहात कामाला लागले. त्यांनी बाह्या सरसावल्या, सुरीला धार लावली आणि अगदी हात आखडून, एका कुत्र्याचा विचार मनात घट्ट धरून चिरायला सुरुवात केली. मग हाताला लय सापडली. ते भानावर आले तेव्हा चारही शेगड्यांवर पातेली रटरटत होती, न्हाणीघरातली बादली घासून तिच्यात भात निथळत ठेवलेला होता, आणि कोंबडीवाल्याच्या दुकानातल्या पोराने आणखी काही हवंय का असं फोनवर विचारलं होतं. ठीक आहे, वस्ताद म्हणाले, फ्रीज कशासाठी असतो.

शिजलं मात्र झकास होतं. कोंबडीचे तंतू बोटांनी सुटत होते, भोपळा विरघळून सगळ्यावर सोनेरी रंग चढला होता, गाजराच्या फोडी मापाने चिरल्यासारख्या एकसारख्या. वस्तादांनी चव घेतली. चव न घेता त्यांनी आयुष्यात काही वाढलं नव्हतं. मीठ नाही हे जिभेला खटकलं, पण बाकी काम चोख. त्यांनी वाटी भरली, तिची कड फडक्याने पुसली आणि ती बाल्कनीत ठेवून म्हणाले, "चला साहेब, गरम आहे तोवर."

लाटसाहेब आले. त्यांनी वास घेतला. वाटीभोवती एक फेरी मारली, वस्तादांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या हातांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक सुस्कारा टाकून ते पुन्हा चपलेवर जाऊन पडले.

"गाढवाला गुळाची चव काय," वस्ताद म्हणाले. पण त्यांना ते लागलं.

संध्याकाळी त्यांनी कोंबडी आणखी बारीक केली. दुसऱ्या दिवशी भात कमी करून अंडं घातलं. मग भोपळा वेगळा, गाजर वेगळं, कोंबडी मध्ये, असं सजवून ठेवलं. कारखान्यात मोठे साहेब तपासणीला आले की ते असंच वाढायचे आणि मोठे साहेब दोनदा मागून घ्यायचे. हे छोटे साहेब वाटीकडे बघायचे, वस्तादांच्या हाताकडे बघायचे, काहीतरी घडायची वाट बघायचे आणि निघून जायचे. वस्तादांनी वाटी बदलली, जागा बदलली, लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं. शेवटी गुडघ्यांवर बसून स्वतः चार घास खाऊनही दाखवले. लाटसाहेबांनी ते शांतपणे पाहिलं, जणू वस्तादांचं पोट भरलं यातच त्यांना समाधान.

इकडे फ्रीज दार लागेना इतका भरला. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहायचे. ते रोज सकाळी नदीकाठी फिरायला जात, तिकडे मोकळी कुत्री पुष्कळ. वस्तादांनी मोठा डबा भरून त्यांच्या हातात दिला. "हे घ्या, जास्त झालंय," एवढंच ते बोलले आणि पुढचं सांगणार तोच घरात फोन वाजला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर डबा घासूनपुसून घेऊन आले. "मीठ विसरलात वाटतं," ते म्हणाले. "पण वस्ताद, काय शिजवलंय! पोटाला असं हलकं, की मी रात्रभर झोपलो. कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो."

ते कुत्र्यांसाठी होतं हे सांगायचं वस्तादांच्या ओठांवरच राहिलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. कुणाची तरी वाटी चाटूनपुसून परत आली होती. त्यांनी डबा पुन्हा भरून दिला. तिसऱ्या डब्याला मात्र त्यांचं मन खायला लागलं आणि त्यांनी खरं सांगून टाकलं.

पोस्टमास्तरांनी क्षणभर विचार केला. "तो खातो का?"

"नाही."

"मग कुणीतरी खाल्लंच पाहिजे. अन्न वाया घालवू नये," असं म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. तेव्हापासून ते तिथेच जेवायला लागले.

तो जो फोन वाजला होता तो वस्तादीणबाईंचा. बहिणीचा गुडघा बरा आहे, बहीण मात्र हैराण करतेय, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि साहेब? जेवतात का नीट?"

तिला तिकडे काळजी नको, असा वस्तादांचा हेतू होता. थोडा तोराही आड आला. चारशे जणांच्या आचाऱ्याने काय सांगायचं, एक कुत्रा जेवत नाही म्हणून? "जेवतात म्हणजे काय!" ते म्हणाले. "वाटी चाटून ठेवतो. मागून मागून खातो. तुझी आठवणसुद्धा काढत नाही."

तिकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही.

"वाटीतून खातो?" वस्तादीणबाईंनी विचारलं.

"वाटीतूनच. मग काय, ताट-पाट मांडू?"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नसले तरी चालतं." आणि बहिणीला औषध द्यायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वस्ताद फोन हातात धरून उभे राहिले. हे 'बरं झालं' त्यांच्या ओळखीचं होतं. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी सहज म्हणून कॅन्टीनला फोन केला होता. नव्या आचाऱ्याने मोठ्या अदबीने सांगितलं होतं, "काही काळजी करू नका वस्ताद, तुमच्याशिवाय सगळं सुरळीत चाललंय." तेव्हा तेही असंच 'बरं झालं' म्हणाले होते आणि त्या दिवशी त्यांना घास गेला नव्हता. बायकोला दिलासा द्यायला गेलो आणि नेमकं तेच दुःख तिच्या पदरात घालून बसलो, हे त्यांना कळलं. पण आता खरं सांगावं तर कुत्रा उपाशी आहे हे सांगावं लागणार, आणि मग ती आजारी बहिणीला तशीच टाकून धावत येणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यावर एकच उपाय होता. ती येण्याआधी कुत्रा जेवला पाहिजे.

कुत्रा जेवेना. पाणी तेवढं प्यायचा, चांगलं भांडंभर लपालपा प्यायचा आणि पुन्हा चपलेवर. वस्तादांनी त्याला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात बघितले, पोट दाबलं, ताप बघितला.

"याला काही झालेलं नाही. घरात काही बदल झाला का?"

"बायको बहिणीकडे गेलीय."

"मग मनाला लावून घेतलंय त्याने. आजचा आणि उद्याचा दिवस बघा. उद्या संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही, तर सलाइन लावू."

वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. लाटसाहेबांशी त्यांचं कधी विशेष सूत नव्हतं. एकाच घरात राहणाऱ्या दोन पाहुण्यांसारखे ते एकमेकांना वाट देत आले होते. पण घरी परतताना तो लांबुडका देह खांद्यावर घेतला तेव्हा तो पूर्वीपेक्षा हलका लागला, आणि मिशा त्यांच्या मानेला टोचत राहिल्या. "खा रे बाबा," जिना चढताना ते कळवळून म्हणाले. "वाटेल ते कर, पण खा. तिला मी काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर नेहमीप्रमाणे टेबलाशी बसून जेवत होते. लाटसाहेब टेबलाखाली पडले होते. वाटी त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर, भरलेली. वस्ताद समोरच्या खुर्चीवर डोक्याला हात लावून बसले होते.

"माझं ऐका," पोस्टमास्तर म्हणाले, "घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघितलं पाहिजे. आमच्या ऑफिसात एकदा…" आणि कथा सांगण्याच्या भरात त्यांनी चमचा हवेत फिरवला. चमच्यातून गाजराची फोड उडाली आणि टप्पकन फरशीवर पडली.

फोड फरशीवर नीट टेकलीसुद्धा नसेल. आखूड पायांचं ते लांब अंग टेबलाखालून असं सुटलं की पोस्टमास्तरांनी पाय वर घेतले. गाजर दिसेनासं झालं. लाटसाहेबांनी मिशा चाटल्या आणि पोस्टमास्तरांकडे बघून शेपूट हलवलं.

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

"खाल्लं," पोस्टमास्तर कुजबुजले.

वस्तादांनी झटकन वाटी पुढे सरकवली. लाटसाहेबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी वाटीतलीच एक फोड घेऊन अलगद फरशीवर ठेवली. लाटसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वस्तादांना आपलंच काहीतरी चुकल्यासारखं झालं.

"ठेवलेलं चालत नाही त्याला," पोस्टमास्तर म्हणाले. "पडलेलं पाहिजे. तुम्ही पाडा बघू."

वस्ताद उभे राहिले. त्यांनी गाजराची फोड दोन बोटांत धरली, हात लांब केला आणि बोटं सोडली. फोड सुटली आणि कमरेच्या खाली जायच्या आत त्यांच्याच दुसऱ्या हातात आली.

"अहो, पाडा म्हटलं मी."

"पाडलं की!"

"मग ते तुमच्या हातात काय करतंय?"

वस्तादांनी हाताकडे बघितलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा झेलली. भाताची चिमूट सोडली, शीत न् शीत ओंजळीत. डावा हात पाठीमागे धरला तर उजवाच खाली जाऊन झेलून आला. लाटसाहेबांची मान फोडीबरोबर खाली यायची आणि हाताबरोबर वर जायची. ते आता उठून बसले होते आणि त्यांच्या घशातून बारीक कुंई असा आवाज यायला लागला होता. उपाशी जिवाची ही थट्टा वस्तादांना सहन होईना.

"मला येत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच रडवेला झाला होता. "पोस्टमास्तर, मला सांडता येत नाही हो!"

"येईल. डोळे मिटा. माझ्याशी बोला. बोलताना माणसाकडून सांडतं. हं, सांगा, कारखान्यातल्या साहेबांनी निरोपाला काय दिलं तुम्हाला?"

"घड्याळ," वस्ताद डोळे मिटून म्हणाले. "भिंतीवरचं. चाळीस मिनिटं पुढे जातं रोज. मी एवढी वर्षं वेळेवर जेवण घातलं त्या लोकांना, एक मिनिट इकडचं तिकडे नाही, आणि मला घड्याळ दिलं ते…" संतापाने त्यांचा हात उडाला.

टप्प.

"अरेच्चा!" वस्ताद आपसूक म्हणाले. "पडलं वाटतं!"

हे शब्द ऐकताच लाटसाहेबांचे कान उभे राहिले. ती फोड गेली, पुढची गेली. वस्तादांनी घड्याळाचा विषय लावून धरला. कोंबडी पडली, भात पडला, भोपळ्याचा लगदा पडून चारी दिशांना उडाला. "अरेच्चा! हे पण पडलं!" असं म्हटलं की साहेब जास्तच खूश होतात, हे कळल्यावर पोस्टमास्तरही त्यात सामील झाले. वाटी संपली. दुसरी संपली. लाटसाहेबांनी शेवटचं शीत टिपलं, फरशी पार चाटून काढली आणि मोठ्ठी ढेकर दिली.

वस्ताद त्या चिकट, ओल्या, सोनेरी फरशीवर मोज्यांसकट बसले होते, आणि आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

स्वयंपाकघरात कुत्र्याला काही द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तिने दिलं नव्हतं. तिच्या हातून पडलं होतं.

"नऊ वर्षं!" ते ओरडले. "नऊ वर्षं माझ्या नाकाखाली! मी तिला डॉक्टरकडे नेलं! माझ्यासमोर बसून चेंडू दाबायची ती, चेंडू!"

पोस्टमास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. वस्ताद दहा मिनिटं तणतणत होते. मग त्यांना तिकडच्या फोनवरची ती शांतता आठवली. वाटीतून खातो? असं तिने विचारलं होतं. एवढी वर्षं त्या कुत्र्यासाठी तिने फुटक्या हाताचा शिक्का सोसला, नवऱ्याची बोलणी खाल्ली, आणि आपण काय सांगितलं? तुझी आठवणसुद्धा काढत नाही म्हणून. वस्तादांचा राग जिथल्या तिथे विरला. त्यांना बायकोची आठवण आली, आणि ती इतकी आली की त्यांनी हात न धुताच फोन लावला.

"अगं, मी आहे."

"काय झालं? साहेब बरे आहेत ना?"

"मस्त आहेत. आत्ता जेवले. मी सांडलं, त्यांनी खाल्लं."

तिकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "तुम्ही काय केलंत?"

"सांडलं. फरशीवर. गाजर, भात, सगळं. 'अरेच्चा' पण म्हणतो मी."

मग बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "रागावलात?"

"रागावून झालं मघाशी. पण मला एक सांग, तो चेंडू कशाला दाबायचीस रोज?"

"तुम्ही एवढे पैसे भरून आणलात, म्हटलं निदान दाबावा. त्याने हात इतका दणकट झालाय माझा, की इथे शेजारपाजारचे लोक बरण्यांची झाकणं उघडायला माझ्याकडे येतात." आणि मग त्या हसायला लागल्या, आणि इकडे वस्तादही. आजारी बहिणीने पलीकडून काय झालं काय झालं म्हणून विचारलं तरी दोघांना थांबता येईना.

हसू ओसरल्यावर वस्तादीणबाईंनी विचारलं, "पण तुम्ही तर म्हणालात, वाटीतूनच खातो म्हणून?"

"खोटं बोललो," वस्ताद म्हणाले. "तुला काळजी नको म्हणून. उपाशी होता तो. तू गेल्यापासून."

"उपाशी?" त्यांचा आवाज एकदम उजळला. "अगदी काहीच नाही खाल्लं?"

"एक कण नाही."

"अंडं? अंडं तर त्याचा जीव की प्राण."

"अंड्याकडे पाठ करून बसला."

"मग दिवसभर करायचा काय?"

"तुझ्या चपलेवर डोकं ठेवून पडलेला असायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाला लावून घेतलंय."

"अगं बाई!" वस्तादीणबाई म्हणाल्या. त्या आनंदाने अगदी फुलून गेल्या होत्या, हे फोनवरूनसुद्धा कळत होतं. "माझं सोनं ते! आणि मी इथे वेड्यासारखी रडत बसले होते. पाणी? पाणी तरी प्यायचा का हो?"

"प्यायचा."

तिकडचा आवाज जरासा उतरला.

"फार नाही ना?" त्यांनी विचारलं.

वस्तादांनी पाण्याच्या रिकाम्या भांड्याकडे बघितलं. मग भरल्या पोटाने फरशीवर उताण्या पडलेल्या लाटसाहेबांकडे बघितलं.

"छे," ते म्हणाले. "घोटभर. आणि तेही मी फार आग्रह केला म्हणून."